काळजीच्या आवाजातली भीती

"अगं, किल्ली तूच ठेवलीस ना? हल्ली फार विसरतेस."

दुकानात शेजारी उभा असलेला माणूस बायकोला म्हणाला. आवाज अगदी मऊ. ती निमूटपणे पर्स पुन्हापुन्हा तपासत राहिली. किल्ली त्याच्याच खिशात निघाली, त्यावर मात्र तो काही बोलला नाही.

असेल साधा विसराळूपणा. पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८च्या 'गॅस लाइट' नाटकातला नवरा भिंतीवरचं चित्र स्वतःच लपवतो आणि दोष बायकोला देतो. तिचा स्वतःवरचा विश्वास उडतो.

"तुला सोडणार नाही" असल्या धमकीत शत्रू लगेच ओळखू येतो. मानसशास्त्रीय थरारकथेतला संवाद मला काळजीचा हवा, ज्यावर भांडताही येत नाही.

एकही वाईट शब्द नसलेलं, तरी अंगावर काटा आणणारं वाक्य तुम्ही कुठे वाचलंय?