कुरोड्यांचा चीक आणि ‘तुरळक ठिकाणी’

होळी झाली की नागपुरात कूलरला पाणी झिरपणाऱ्या नव्या गवती ताट्या बसतात आणि पेटीतली जुनी धोतरं वाळवणासाठी छतावर जातात. नेमकी तेव्हाच सोनेगावच्या हवामान केंद्राची ओळ येते: विदर्भात तुरळक ठिकाणी विजांसह, ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह हलका पाऊस. पापडाला या ओळीचं फार भय नसतं. तो गोळा करून पंख्याखाली टाकता येतो. जीव टांगणीला लागतो तो कुरोड्यांसाठी, म्हणजे गव्हाच्या चिकाच्या कुरडयांसाठी.

कारण कुरोडीचा मुहूर्त मागे घेता येत नाही. सोमवारी किलोभर गहू भिजत घातला की रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास धरतो. गुरुवारी तो वाटून, पातळ कपड्यातून चीक गाळून रात्रभर स्थिर ठेवायचा आणि शुक्रवारी पहाटे वरचं निवळ पाणी ओतून चीक शिजवायचा. म्हणजे गहू भिजवणारीला सोमवारीच शुक्रवारचं आभाळ कळायला हवं. हवामान खात्यालाही पाचव्या दिवसाचं बोलणं उद्याच्याइतकं सोपं नसतं, पण खात्याला चीक शिजवायचा नसतो.

खरी गंमत ‘तुरळक’ या शब्दात आहे. आपल्याला तो ‘थोडासा’ असा ऐकू येतो. खात्याच्या भाषेत तो पावसाचं मोजमाप नाही, जागांची मोजदाद आहे: विभागातल्या 25 टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के. काटोलला बोराएवढ्या गारा पडल्या आणि मानेवाड्यात साधी धूळही उडाली नाही, तरी अंदाज बरोबर. ‘हवामानवाले काहीही सांगतात’ असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं. आणखी एक: त्यांचा शुक्रवार सकाळी साडेआठला सुरू होऊन शनिवारी सकाळी साडेआठला संपतो. शनिवारी पहाटे पडलेला पाऊस त्यांच्या अंदाजात शुक्रवारचाच.

इशाऱ्याच्या रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. आता संत्र्याच्या गावात नारिंगी रंगाला कोण घाबरणार, हा भाग वेगळा.

मार्चमध्ये इथलं सरासरी कमाल तापमान 36 अंशांच्या आसपास असतं, मग हा ओलावा येतो कुठून? बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेचा दमट वारा आत शिरतो आणि वायव्येकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याला भेटतो. ही भेट बऱ्याचदा विदर्भ-मराठवाड्याच्या डोक्यावर होते. त्यात उत्तरेत एखादा पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवेची प्रणाली, सरकला की वरची हवा थंडगार, खालची तापलेली. ढग उभे वाढतात आणि गारा तयार होतात. पावसाळ्यात हवा गोठणबिंदूला पोचते ती साडेपाच किलोमीटर उंचीच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पातळी बरीच खाली असते, म्हणून गार वितळायच्या आत जमिनीवर आपटते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट शेतकरी अजून विसरलेले नाहीत. या दिवसांत झाडावर मृग बहाराचं तयार संत्रं आणि अंबियाची कोवळी फळं, दोन्ही असतात. गार दोघांनाही सोडत नाही.

हा ओलावा ओळखायचं घरगुती यंत्र म्हणजे कूलर. हवा 40 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर पाणी बाष्प होताना हवेला 21 अंशांपर्यंत ओढू शकतं. चांगली ताटी 24-25 पर्यंत नेते. आभाळ आलं, तापमान 34 वर उतरलं पण आर्द्रता 60 टक्के झाली, तर तीच मर्यादा साडेसत्तावीस. कूलर फक्त चिकटपणा पसरवतो. सकाळी कूलरसमोर बसून अंग चिकट वाटलं, तर त्या दिवशी चीक चुलीवर चढवू नये. वरचं पाणी बदलून तो फ्रिजमध्ये ठेवावा. दिवसभर तरी सहज राहतो. दमट हवेत घातलेली कुरोडी आतून ओली राहते, आंबूस होते आणि तळताना फुलत नाही.

दुपारी तीननंतर मात्र छताकडे कान असावा. वारा एकदम पडला, क्षितिजावर काळं भिंताड उभं राहिलं, की गार झुळूक यायची वाट बघू नये. ती झुळूक म्हणजे वादळाचं तोंडच. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच बाष्प होतो, हवा थंड आणि जड होऊन खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. आभाळाचाच कूलर, फक्त आधी धूळ फेकणारा. अर्ध्या तासात आठ-दहा अंश उतरू शकतात. धोतराच्या कडांवर विटा ठेवल्या असतील तर धोतर राहतं, कुरोड्या धुळीने माखतात. चारही टोकं धरून गाठोडं करावं, पण ओल्या कुरोड्यांचं नाही; त्यांचा चिकटून लगदा होतो. त्या ताटांवर घातल्या असतील तरच वाचतात. विजेनंतर गडगडाट यायला जितके सेकंद लागतील त्याला तीनाने भागलं की किलोमीटर मिळतात. पण पहिला गडगडाट ऐकला की हिशेब खाली येऊन करावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नये.

कुरोडीचा खरा दिवस वादळ ओसरल्यानंतरचा, वारा वायव्येचा झाला असेल तर. हवा धुतलेली, ऊन लख्ख, पारा दोन-चार अंश खाली. अशा उन्हात कुरोडी करपत नाही, तडकत नाही. चिकाइतकंच पाणी मीठ-हिंग घालून उकळावं, चीक बारीक धारेने ओतत लाकडी दांड्याने ढवळत राहावं आणि ओलं बोट लावल्यावर चिकटेनासा झाला की उतरवावा. सोऱ्याला आधीच तेल लावून ठेवावं. चीक निवला की दाबताना दंड भरून येतात.