कळ पोटरीतून कमरेत आली, त्या दिवसांविषयी

एल४-एल५ या, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी (डिस्क) मागे सरकून डाव्या पायाच्या नसेवर दाबते आहे, असे माझ्या एमआरआयच्या अहवालात लिहिले होते. कळ कुल्ल्यापासून निघून थेट पोटरीपर्यंत जात असे. थोडे बरे वाटताच मी ऐकीव माहितीवरून गुडघे पोटाशी घेण्याचा आणि पुढे वाकून अंगठे धरण्याचा व्यायाम सुरू केला. त्या क्षणी कंबर मोकळी झाल्यासारखी वाटे. तासाभरात मात्र पोटरीतल्या मुंग्या टाचेपर्यंत उतरत.

फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी विचारले, ते दुखणे किती आहे हे नव्हे, तर व्यायामानंतर ते कुठे जाते हे. मग त्यांनी मला पालथे झोपवले. आधी दोन-तीन मिनिटे नुसते पडायचे, मग कोपरांवर टेकायचे आणि ते सोसले तर तळहात रोवून छाती उचलायची. दिसायला हे भुजंगासन. परंतु त्यात पाठीचे स्नायूही काम करतात, इथे सारा भार हातांवर घेऊन पाठ आणि कुल्ले पूर्ण सैल सोडायचे असतात. एका वेळी दहा आवर्तने, दिवसातून पाच-सहा वेळा. चौथ्या दिवशी सतरंजीवरून उठले तेव्हा पोटरी शांत होती आणि कंबर मात्र आधीपेक्षा जास्त दुखत होती. मी घाबरले, पण त्यांच्या मते हेच सुधारणेचे लक्षण होते.

या पद्धतीचे मूळ न्यूझीलंडमध्ये आहे. १९५६ साली वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी यांच्या दवाखान्यात एक रुग्ण, डोक्याकडची बाजू वर उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि काही मिनिटांत त्याच्या पायातले दुखणे नाहीसे झाले. दुखणे पायातून कण्याकडे सरकणे ही खूण मॅकेन्झींनी पुढे उपचाराचा आधार केली.

व्यायामाने गादी जागेवर बसते, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. बाहेर आलेला भाग पुष्कळदा काही महिन्यांत शरीरच शोषून घेते, आणि त्या काळात हालचाल टिकवून धरणे हे व्यायामाचे काम आहे. शिवाय मणक्यातली पोकळी अरुंद झालेल्या वयस्कर माणसांना बहुधा पुढे वाकूनच आराम मिळतो, म्हणून माझा व्यायाम कुणी जसाच्या तसा उचलू नये. लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर व्यायामाचा विचारही न करता त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळचा पहिला तास मी अजूनही वाकत नाही; रांगोळीसुद्धा आता आठनंतरच काढते.