गिझर बंद करायचा, पण कधी?

आमच्या घरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा गिझरवरून कुरबुरींचा मोसम. बाबांचं म्हणणं, एकदा लावला की दिवसभर राहू द्या. गार झालेलं पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, आणि थर्मोस्टॅट आहे ना बघायला. बायको प्रत्येक अंघोळीनंतर बटण बंद करणार. आईला बिलाशी देणंघेणं नाही, तिला भीती टाकी फुटायची. मुंबईला निघालो की खालापूरच्या टोलनाक्याच्या आसपास तिचा प्रश्न ठरलेला, "गिझर बंद केलायस ना रे?" आणि मग पनवेलपर्यंत मलाही खात्री नसते.

गेल्या डिसेंबरचं बिल बघून मी ठरवलं, वाद घालत बसण्यापेक्षा मोजू. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडे भाडेकरूंसाठी लावतात तसला एक जुना सबमीटर पडून होता. "साहेब, गिझरला सबमीटर कोण लावतं?" असं म्हणत त्याने तो बाथरूमबाहेरच्या स्विचशेजारी ठोकला. त्यावर ३२०० इंपल्स छापलेलं होतं; म्हणजे लाल ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. गिझर २००० वॉटचा. चालू केला की ठिपका सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकायचा, आणि आतून टक् आवाज आला की एकदम शांत.

घरचे सगळे चार दिवस सांगलीला लग्नाला गेले तेव्हा मला रान मोकळं मिळालं. शुक्रवारी रात्री ९ ला टाकी पूर्ण तापू दिली आणि गिझर चालूच ठेवून चोवीस तास एक थेंब पाणी काढलं नाही. (घरात गिझर असून गॅसवर पातेल्यात पाणी तापवून अंघोळ करणारा पुण्यात मी एकटाच असेन.) दर अडीच-तीन तासांनी तो आपोआप चार-पाच मिनिटं चालू व्हायचा. शनिवारी रात्री मीटर १.३ युनिट पुढे सरकला होता. पाणी कोणी वापरलं नाही, नुसतं गरम राखायचे हे पैसे. गिझर जुना आहे, चांगल्या स्टारचा नवा असता तर आकडा कमी आला असता.

मग बटण बंद केलं आणि रविवारी संध्याकाळी ६ ला, म्हणजे एकवीस तासांनी, पुन्हा लावलं. पाणी कितपत कोमट उरलंय हे नळ सोडून बघायचा मोह आवरला, नाहीतर सगळा हिशेब फिसकटला असता. टक् आवाज येईपर्यंत ०.७ युनिट. चालू ठेवला असता तर तेवढ्याच वेळात १.१ च्या वर गेले असते.

म्हणजे बाबा चुकले, आणि कारण साधं आहे. टाकी जितकी गरम तितकी तिच्यातून उष्णता वेगाने बाहेर जाते. निवत गेली की गळतीही मंदावते. पुन्हा तापवताना जी गेली तेवढीच उष्णता भरून द्यावी लागते, गार पडल्याचा वेगळा दंड नाही.

पण बायकोचंही फार जमलं नाही. सोमवारी दोन तास बंद, मग चालू, असं करून पाहिलं. ०.१ युनिट. चालू ठेवला तरी तेवढेच जातात, मीटरवर फरक कळेना. सकाळी ६ ते ८ च्या दरम्यान प्रत्येकाने केलेली खटखट जेमतेम पाच-दहा पैशांची होती. तिला हे सांगितल्यावर पुढचे दोन दिवस चहा जरा पांचट मिळाला.

खरी गोम कळली ती सगळे परत आल्यावर. आमच्याकडे शेवटची अंघोळ धाकट्याची. त्याने पाणी काढलं की टाकीत खालून गार पाणी शिरतं, वरचं गरम बाहेर पडतं, दिवा लागतो. मग घरातलं कोणीतरी शिस्तीत तो दिवा जायची वाट बघतं आणि बटण बंद करतं. मी मीटरसमोर उभा होतो. त्या अर्ध्या तासात जवळजवळ एक युनिट गेलं, २५ लिटर पाणी कडकडीत झालं, आणि आता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावणार नव्हतं. तापवलेल्यातलं ०.७ बाथरूमच्या भिंती खाणार. आमच्या बिलाची रक्कम भागिले युनिट केलं तर युनिटला अकरा रुपये पडतात. रोज सात-आठ रुपये, तेही 'आम्ही गिझर बंद ठेवतो' या समाधानात!

आता दिवा गेला की शेवटच्या दोघांच्या आधीच बटण बंद. भरलेल्या टाकीत गार पाणी मिसळून दोन बादल्या आरामात होतात, दुसरीच्या तळाला जरा कोमट लागतं इतकंच. अर्थिंगबद्दल शंका असेल तर अंगावर पाणी घेताना बटण बंद असलेलं बरंच.

इलेक्ट्रिशियनने जाता जाता झाकण काढून थर्मोस्टॅटही थोडा खाली घेतला. हीटरवर टँकरच्या पाण्याचा पांढरा थर बोटभर जमला होता. त्यामुळे वीज जास्त जाते असं तो म्हणाला, ते मला पटलं नाही. हीटर पाण्यात बुडालेलाच असतो, उष्णता जाऊन जाणार कुठे? जळतो मात्र लवकर, म्हणून खरवडून घेतला.

रात्री जेवताना हे सगळं बाबांपुढे मांडलं. ते वहीतले आकडे बघत राहिले. आईच म्हणाली, "अहो, बंबाला काय वेगळं होतं? सासूबाई शेवटच्या दोन अंघोळींना करवंटीसुद्धा घालू द्यायच्या नाहीत. निखाऱ्यावर भागवा म्हणायच्या."

"बंबाचं वेगळं," बाबा म्हणाले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "मग उद्या शेवटी कोण?"