बडोदें, बडोदा, वडोदरा : शोधयंत्राला आपण सापडतो कसे

दांडिया बाजारातील आमच्या छोट्या मराठी मंडळाचे संकेतस्थळ मी गेल्या वर्षी तयार केले. जुन्या स्मरणिका, व्याख्यानांचे वृत्तांत आणि शहरातील मराठी वास्तूंवरचे काही लेख असा त्यावरचा ऐवज आहे. तीन महिन्यांनी सचिवकाकांचा फोन आला. "अरे, साईट झाली म्हणतोस, पण गूगलवर आपण कुठेच नाही. मंडळाचं नाव जसंच्या तसं टाकून पाहिलं, तरी नाही!" काकांचे म्हणणे अक्षरशः खरे होते आणि चूक सर्वस्वी माझी होती. काम अर्धवट असताना कोणी पाहू नये म्हणून "शोधयंत्रांनी या स्थळाची नोंद घेऊ नये" ही खूण मी करून ठेवली होती आणि ती काढायला विसरलो होतो. ती खूण काढण्यास अर्धे मिनिट लागले. मात्र त्यानिमित्ताने हे सगळे चालते कसे, याचा मी जो अभ्यास केला, तो पुढचे कित्येक आठवडे पुरला.

आपण काही शब्द लिहितो त्या क्षणी शोधयंत्र जगभरातील पाने धुंडाळायला निघते, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ते स्वतः आधीच करून ठेवलेल्या सूचीत पाहते. ही सूची करण्यासाठी क्रॉलर नावाचे प्रोग्राम (गूगलच्या प्रोग्रामचे नाव गूगलबॉट) माहीत असलेल्या पानांवरून निघतात, त्या पानांवरील दुवे टिपतात, त्या दुव्यांवरून पुढच्या पानांवर जातात आणि हा क्रम अखंड चालू ठेवतात. याचा सरळ अर्थ असा की ज्या पानाकडे कोणत्याही पानावरून वाट येत नाही, ते क्रॉलरला सहसा दिसतच नाही. आमच्या जुन्या स्मरणिका नेमक्या अशा पोरक्या पानांवर होत्या : मुखपृष्ठावरून त्यांच्याकडे एकही दुवा जात नव्हता. अशा वेळी साईटमॅप, म्हणजे आपल्या सर्व पानांच्या पत्त्यांची यादी, शोधयंत्राला देता येते.

क्रॉलरने कुठे येऊ नये हे सांगण्याची रीत १९९४ साली मार्टिन कोस्टर यांनी सुचवली. रोबॉट्स डॉट टीएक्सटी नावाची एक साधी मजकुराची फाईल, एवढेच तिचे स्वरूप आहे. तिला इंटरनेटच्या औपचारिक मानकाचे रूप मिळण्यास मात्र २०२२ साल उजाडले. येथे एक बारकावा आहे, ज्यात माझी पुन्हा एकदा फसगत होता होता राहिली. या फाईलमध्ये "येऊ नका" असे लिहिणे आणि पानावर "नोंद घेऊ नका" असे लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारच बंद ठेवले तर आत लावलेली "नोंद घेऊ नका" ही पाटी क्रॉलरला वाचता येत नाही, आणि इतरत्र त्या पानाचा दुवा असेल तर नुसता पत्ता निकालांत दिसू शकतो.

पान हाती आल्यावर त्याची सूची होते. बडोदेकरांना सूचीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला येथे बोलावले, आणि त्याने संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवताना बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरणपद्धतीही तयार केली. ग्रंथालयाच्या तालिकेत एका पुस्तकाच्या मोजक्याच नोंदी असतात : लेखक, शीर्षक, विषय. शोधयंत्राची सूची पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची असते; फरक एवढाच की तीत पानावरील जवळपास प्रत्येक शब्दाची नोंद असते आणि शब्दापुढे तो ज्या ज्या पानांवर आला त्यांची यादी असते. "कलाभवन फाळके" असे कोणी शोधले, तर दोन्ही शब्दांच्या याद्या काढून त्यांतील सामाईक पाने निवडायची, हा त्यातील मूळ हिशेब. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, याविषयीचा आमचा लेख तेथे सापडावा ही माझी अपेक्षा होती.

तो सापडला नाही, कारण तो लेख म्हणजे एका स्मरणिकेच्या पानाचे छायाचित्र होते. त्या चित्रात माणसाला अक्षरे दिसतात. यंत्राला त्यातील मजकूर वेगळा काढून द्यावा लागतो. त्यापेक्षा अवघड प्रकरण नंतरच्या स्मरणिकांचे निघाले. त्या संगणकावरच जुळवलेल्या होत्या, पण युनिकोड (जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये. अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. त्यामुळे पडद्यावर सुरेख मराठी दिसते, आणि फाईलमध्ये मात्र रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक माळ साठलेली असते. शोधयंत्र वाचते ती ही माळ. मराठीतील किती दिवाळी अंक, पत्रिका आणि स्मरणिका अशा रीतीने मुक्या होऊन पडल्या असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटले. आपण क्रमवारीत मागे पडतो अशी तक्रार होते, परंतु आपला बराच मजकूर स्पर्धेत उतरलेलाच नसतो.

युनिकोडमध्ये आणल्यावरही सगळे सुरळीत होते असे नाही. "वडोदऱ्यात" या शब्दातील अर्धा र घ्या. तो दोन प्रकारे टंकता येतो : एक ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते वेगळे, आणि मुद्दाम काळजी घेतल्याशिवाय जुळत नाहीत. त्यात मराठीची सामान्यरूपे आहेतच : बडोदा, बडोद्यात, बडोद्याहून, बडोद्याच्या. हा एकाच नावाचा परिवार आहे हे यंत्राला शिकवावे लागते.

आता क्रमवारीविषयी. शब्द जुळणारी पाने हजारो असतील, तर आधी कोणते दाखवायचे? यातील एक कसोटी शब्दांच्या दुर्मीळपणाची आहे. जो शब्द थोड्या पानांवर आढळतो तो अधिक निर्णायक, हा विचार कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने १९७२ साली मांडला. आमच्या स्थळावर "गणेशोत्सव" हा शब्द पानोपानी आहे, त्यामुळे त्यावरून निवड होत नाही. "कलाभवन" एकदोन पानांवर आहे, म्हणून तो निवाडा करू शकतो.

दुसरी कसोटी दुव्यांची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ च्या निबंधात मांडलेली पेजरँक ही पद्धत दुव्याला एक प्रकारचे मत मानते, पण सर्वांचे मत सारख्या वजनाचे धरत नाही. ज्या पानाला स्वतःला वजन आहे त्याचे मत मोठे, आणि ते वजन त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या दुव्यांत वाटले जाते. समजा, १० वजनाच्या पानावरून १०० दुवे निघतात, तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.१ येते, १ वजनाच्या लहान पानावरून पाचच दुवे निघत असतील, तर प्रत्येकाला ०.२ मिळते. म्हणजे एखाद्या मोठ्या वृत्तस्थळाच्या लांबलचक यादीत नाव येण्यापेक्षा, जाणकाराच्या छोट्या पानावरचा मोजका उल्लेख अधिक फळू शकतो. हे वजन समजावे म्हणून निबंधात एक मनमौजी वाचकही कल्पिला आहे : तो ज्या पानावर अधिक वेळा पोचेल, त्या पानाचे वजन अधिक. तो दर वेळी दुव्यावरूनच पुढे जातो असे नाही. कधी कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो, आणि दुव्यावरून पुढे जाण्याची शक्यता साधारणपणे ०.८५ धरली जाते.

मतांना किंमत आली की ती विकत घेणारे येतातच. खोट्या दुव्यांचा सुळसुळाट झाला, आणि गूगलने २०१२ साली पेंग्विन नावाचा बदल करून त्यांवर आघात केला. आज दुवे हा अनेक निकषांपैकी एक आहे. मजकुराचा उपयुक्तपणा, पान मोबाईलवर नीट उघडते का, विचारणारा कुठल्या शहरात बसला आहे, असे पुष्कळ काही पाहिले जाते. मध्यंतरी मला एका अनोळखी कंपनीचा फोन आला : ठरावीक रक्कम भरा, महिन्यात पहिला क्रमांक मिळवून देतो. जाहिरातीची जागा पैसे देऊन मिळते आणि तिच्यावर तसे लिहिलेलेही असते. खालच्या साध्या निकालांतील क्रमांक गूगल विकत नाही, त्यामुळे त्याची हमी कोणीही देऊ शकत नाही. मी नम्रपणे फोन ठेवला.

शेवटी नावाचा प्रश्न उरला. १९७४ पासून शहराचे अधिकृत नाव वडोदरा आहे. मराठी माणूस घरात बडोदा म्हणतो. आणि आमच्या सर्वांत जुन्या स्मरणिकेत, त्या काळच्या शुद्धलेखनानुसार, अनुस्वार देऊन "बडोदें" छापले आहे. नवी पिढी शोधताना "वडोदरा" लिहिते, म्हणून मी पानांच्या शीर्षकात ते नाव घातले. सचिवकाकांना ते मुळीच रुचले नाही. "आपण मराठीत लिहितोय ना? मग बडोदेच!" दोन बैठकांनंतर तोडगा निघाला : शीर्षकात बडोदे, खालच्या ओळीत वडोदरा, आणि जुन्या मजकुरातला अनुस्वार जसाच्या तसा. सध्या त्या स्मरणिकेचे सत्तेचाळिसावे पान मी टंकतो आहे.