पाइनची वही : दुसरा पावसाळा

गणपती झाले आणि परवा खानापूरच्या रानात टेप घेऊन गेलो. गेल्या मृगात लावलेल्या बारा कॅरिबियन पाइनपैकी नऊ जगलेत. तांबड्या मातीतली सहाही कमरेला लागली. उरलेल्या सहा खड्ड्यांत सासुरवाडीहून, सौंदत्तीहून पोत्यांनी आणलेली काळी माती भरली होती. तिथली तीन गेली, तीन अजून गुडघ्याखाली.

चूक माझीच. जांभ्यात खणलेला खड्डा आणि त्यात चिकण काळी माती, म्हणजे आपल्याकडच्या पावसात हौदच की! वर शेंडे पिवळे पडले म्हणून मी युरिया ओतला. नत्र (नायट्रोजन) कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती. इथं कोवळीच पिवळी. ती लोहाची टंचाई. काळ्या मातीत चुना असतो, त्यामुळं लोह असूनही मुळांना मिळत नाही. पाइनला आम्ल माती लागते.

तांबड्या मातीचं दुखणं वेगळं. हिवाळ्यात पानांवर जांभळट झाक आली : स्फुरद (फॉस्फरस) कमी. जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, म्हणून सिंगल सुपर फॉस्फेट मातीत कालवलं नाही. रोपाला 50 ग्रॅम, बुंध्यापासून वीतभर लांब, एकाच चरीत. दोन महिन्यांत झाक गेली.

अमेरिकेच्या दक्षिणेत लॉबलॉली पाइनच्या वाढत्या बागांना एकरी 200 पौंड नत्र आणि 25 पौंड फॉस्फरस देतात. हा आकडा बघून हिशेब करणाऱ्यांनी जपून. तो निव्वळ फॉस्फरस आहे. आपल्या पोत्यावर P₂O₅ चे, म्हणजे फॉस्फरसच्या ऑक्साइडचे, टक्के असतात. 1 किलो फॉस्फरस म्हणजे जवळजवळ 2.3 किलो P₂O₅. शिवाय ती मात्रा उभ्या बागेची, पोरवयाच्या रोपांची नव्हे.

खरी गंमत मुळांत दिसली. लावताना तांबड्या मातीतल्या तीन रोपांना ऊटीच्या पाइनखालची ओंजळभर माती घातली होती. (सगळे ऊटीहून चॉकलेट आणतात, तुम्ही डब्यातून माती, हे घरी अजून ऐकतोय.) परवा त्यातल्या एकाची कड हलकेच उकरली, तर बारीक मुळांची टोकं आखूड, फुगीर, Y सारखी फुटलेली, वर पांढरा कापूस. हीच ती पाइनच्या मुळांवर राहणारी बुरशी, स्फुरद शोधून आणणारी; तिच्यासाठीच ऊटीची माती. ही तिन्ही रोपं तांबड्यातल्या बाकी तिघांपेक्षा वीतभर उंच आहेत, खत मात्र या सहांना सारखंच.

त्यातलं एक फांदीच न फोडता सरळ वर चाललंय, कोल्ह्याच्या शेपटीसारखं. शेजारचे काका बांधावरून म्हणाले, "सुरूचं झाड लावलंस काय रे?" "न्हवं काका, पाइन." "मग फांद्या कुठं हाईत?"

शेंडा छाटणार नाही. दिवाळीनंतर परत टेप.