पुस्तकात तर असं नव्हतं!

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या निवडताना, देवळाच्या चौकात, मुंजीच्या पंगतीत भातावर वरण पडायच्या आत, हा प्रश्न मला कुठेही गाठतो. ‘‘अगो, भुरग्याक वाचपाक कितें तरी सांग.’’ म्हणजे, मुलाला वाचायला काहीतरी सांग. माझ्या घरात पुस्तकांची कपाटं आहेत ही बातमी कुणी पसरवली, देव जाणे. प्रश्नाच्या मागोमाग अटी येतात. जाड नको. संस्कार हवेत, पण रडकं नको. मोबाइल सुटला पाहिजे. आणि मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून शेवटची अट: ‘‘त्याचा सिनेमा असला तर बरं.’’

ही शेवटची अट मला सगळ्यांत आवडते. ती सांगताना आया उगीच ओशाळतात. ‘आधी पुस्तक, मग सिनेमा’ हा नियम त्यांच्या मनावर कुणीतरी शाळेत असतानाच ठोकून बसवलेला असतो. पण आपल्यापैकी किती जणांनी रामायण-महाभारत आधी वाचलं? पेडण्याच्या दशावतारात पाहिलं, कीर्तनात ऐकलं, १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर आंघोळी उरकून बसून पाहिलं. पुस्तक नंतर आलं. कित्येकांच्या घरी ते अजून यायचंच आहे, आणि तरी कैकेयीबद्दल त्यांची मतं ठाम आहेत.

शिवाय आमच्या गोव्यातल्या मुलाचं एक निराळं प्रकरण असतं. घरात कोकणी, शाळेत बहुतेकदा इंग्रजी, आणि मराठी येते ती आजोबांच्या वर्तमानपत्रातून, भजनातून, जत्रेच्या नाटकातून. ते मराठी ऐकतं झोकात, पण छापील पानावर आलं की अडखळतं. जोडाक्षराशी थांबतं, बोट ठेवतं, कंटाळतं. अशा मुलाने सिनेमा आधी पाहिला तर वाचताना त्याच्या कानात आवाज आयते असतात. कोण रागाने बोलतंय आणि कोण लाडाने, हे त्याला अक्षरांतून खणून काढावं लागत नाही. त्यामुळे मी आयांना सांगते, खुशाल दाखवा. फक्त पुस्तक आणि सिनेमा एकमेकांशी न पटणारे निवडा.

हे ऐकून आया गोंधळतात. पुस्तकाबरहुकूम काढलेला सिनेमा चांगला, असंच आपण समजून चालतो. मुलांच्या बाबतीत माझा अनुभव उलटा आहे. तंतोतंत सिनेमा पाहिलेलं मूल समाधानाने झोपतं आणि पुस्तक कपाटात राहतं. ज्या सिनेमाने काहीतरी बदललं, गाळलं, घुसडलं, तो पाहताना मूल सोफ्यावरून उडी मारून उठतं. माझा भाचा ‘फास्टर फेणे’ पाहताना असाच उठला होता. ‘‘मावशे, पुस्तकांत अशें नासलें!’’ आणि पुरावा दाखवायला स्वतःहून पुस्तक घेऊन आला. जे पुस्तक त्याने वाचावं म्हणून त्याच्या आईने खाऊपासून धाकापर्यंत सगळं करून पाहिलं होतं, ते.

त्याचा राग रास्तच होता. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा आणि ‘ट्टॉक’ करणारा शाळकरी पोरगा. १९८७च्या दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवन तो झाला, तेव्हा तो पुस्तकातल्या वयाचाच होता. २०१७च्या चित्रपटातला अमेय वाघचा फेणे मात्र वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण आहे, आणि कथेच्या मुळाशी एका विद्यार्थ्याचा मृत्यू आहे. म्हणून पुस्तक आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात बेलाशक द्यावं, सिनेमा मात्र अकरा-बारापर्यंत थांबवावा. सिनेमात आणखी एक गंमत आहे. खुद्द भा. रा. भागवत त्यात पात्र म्हणून येतात, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. भाच्याने विचारलं, ‘‘म्हणजे लेखकाला फेणे खराच भेटला होता?’’ या प्रश्नावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. लेखक कुठे संपतो आणि गोष्ट कुठे सुरू होते, हे बाराव्या वर्षी कुणाला विचारावंसं वाटलं, तर मराठीच्या पेपरात दोन मार्क कमी पडले तरी चालतील, असं माझं मत. त्याच्या आईचं नाही.

‘श्यामची आई’ सुचवली की दोन प्रकारचे चेहरे होतात. आजी-आजोबांचे डोळे लगेच भरतात, आणि आई-बाबांच्या कपाळावर आठी येते: ‘‘मूल रडेल गो.’’ रडेल, त्यात काय झालं? पण मी ते पुस्तक पहिल्या पानापासून द्यायला सांगत नाही. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये पाच दिवसांत लिहिलं, आणि त्याची प्रकरणं म्हणजे रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे ते पुस्तक मुळातच मोठ्याने, रोज थोडं, दिवे मालवायच्या आधी वाचायचं आहे. वाचनाची वेळ लेखकानेच ठरवून दिल्यावर आपण ते सुट्टीतला गृहपाठ म्हणून का देतो, मला कळत नाही.

सुरुवात पोहण्याच्या रात्रीपासून करावी. श्याम विहिरीला घाबरून माळ्यावर लपतो आणि आई त्याला फोकाने झोडपत बाहेर काढते. आमच्याकडच्या मुलांना ही गोष्ट कळायला तळटीप लागत नाही. दापोलीजवळचं पालगड आणि आमची गावं, तीच तांबडी माती, तेच माड, तीच खोल विहीर. ‘आई मारते’ म्हणून एखादी आधुनिक आई पुस्तक मिटू पाहते, पण मूल पुढे काय झालं ते ऐकल्याशिवाय सोडत नाही.

आणि इथे सिनेमे दोन आहेत. आचार्य अत्र्यांचा १९५३चा, वनमाला आणि छोटा माधव वझे यांचा. राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला चित्रपट. दुसरा सुजय डहाके यांचा, २०२३चा. मधे सत्तर वर्षं, पण दुसराही कृष्णधवलच. हे पाहून मुलं हमखास विचारतात, ‘‘आता तर रंग होते ना? मग?’’ उत्तर देऊ नये. त्यांनाच तर्क करू द्यावा. जुन्यात गाणी मनात बसतात, नव्यात मोठेपणीचे गुरुजी आणि स्वातंत्र्याची चळवळ दिसते. एकाच पुस्तकातून दोन माणसांनी दोन वेगळे श्याम काढले, हे दहा वर्षांच्या मुलाला दिसलं की त्याला तिसराही दिसू लागतो, त्याचा स्वतःचा. एक सूचना: जुना सिनेमा बाबांबरोबर पाहायला लावावा. शेवटाकडे मूल पडद्याकडे कमी आणि बाबांकडे जास्त बघतं.

सत्यजित राय यांचं ‘सोनार केल्ला’ मात्र या सगळ्याला अपवाद. तिथे पुस्तक आधी, आणि याबाबतीत मी अगदी कडक आहे. अशोक जैन यांनी राय यांचा गुप्तहेर फेलूदा मराठीत आणलाय, त्यामुळे भाषेची अडचण नाही. मुकुल नावाच्या मुलाला मागचा जन्म आठवतो, सोन्याचा किल्ला आठवतो, आणि कलकत्त्याहून राजस्थानपर्यंत पाठलाग. पुस्तकात खरे बदमाश कोण ते शेवटी उलगडतं. १९७४च्या सिनेमात मात्र राय यांनी तो पत्ता प्रेक्षकाला लवकरच दाखवून टाकलाय. लेखकही तेच, दिग्दर्शकही तेच! स्वतःच्याच गोष्टीचं गुपित त्यांनी स्वतःच फोडलं. पुस्तकात आपण ‘कोण?’ विचारत पळतो, सिनेमात ‘आता याला कधी कळणार?’ म्हणून खुर्चीच्या टोकावर बसतो. पुस्तक वाचून गेलेलं मूल इथे चिडून उठतं, आणि थोड्या वेळाने चिडणं विसरून बसतं. सिनेमाने पुस्तकाचं वाटोळं केलं म्हणून हळहळणाऱ्या मोठ्या माणसांनाही मी हीच जोडी सुचवते.

जूनमधे, छत्र्या दुरुस्त करायला टाकायच्या दिवसांत, रस्किन बॉन्ड यांची निळ्या छत्रीची गोष्ट. पुस्तक इतकं लहान की एका पावसात संपावं. डोंगरातली बिन्या, तिची निळी छत्री आणि ती छत्री पाहून जीव टांगणीला लागलेला दुकानदार. विशाल भारद्वाज यांच्या सिनेमात पंकज कपूर यांनी त्या दुकानदाराचा असा काही लोभी, केविलवाणा माणूस केलाय की पुस्तकातला रामभरोसे त्याच्यापुढे साधाभोळा वाटावा. नावही बदललंय, गुन्हाही वाढवलाय. किती गोष्टी बदलल्या ते मुलांना मोजायला सांगा. माझी भाची एवढ्या मोजते की मला संशय येतो, ती मनाच्या घालते.

‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक मी सगळ्यांत जास्त सुचवते आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोलते. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा कळली की मुलाला बाकीचं सांगावं लागत नाही. मूळ पुस्तक १९८१चं, अ‍ॅनिमेशनपट २०२३चा. तेवढ्या काळात प्रत्येक वाचकाने आपापली तोत्तोचान रंगवून ठेवली, त्यामुळे पडद्यावरच्या मुलीशी भांडण ठरलेलंच. त्या शाळेत डब्यात समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी आणायचं असतं. हे वाचून भाचीने दुसऱ्या दिवशी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि रानातली अळमी, म्हणजे अळंबी, मागितली. अळमी कुठल्या भावाने मिळते, हे जपानी मुख्याध्यापकांना ठाऊक नसणार.

आता घरात आजीही असते, हे आया विसरतात. तिच्यासाठी माझ्याकडे ‘मानिनी’ आहे, १९६१चा. कथा महादेवशास्त्री जोशींची, म्हणजे आमच्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेडे गावच्या माणसाची. ‘अरे संसार संसार’ हे बहिणाबाईंचं गाणं बहुतेकांनी त्याच सिनेमातून ऐकलेलं असतं. मुलं अर्ध्या तासात कंटाळून उठतात, उठू द्यावं. जाता जाता एवढं कानावर घालावं की मुंबई-पुण्याचे सिनेमे सत्तरीच्या जंगलाकडच्या माणसाच्या गोष्टींवरही निघाले, आणि त्याच माणसाने मुलांसाठी संस्कृतिकोशही तयार केला.

पुस्तकं मिळत नाहीत, ही तक्रार मी ऐकून घेते आणि कदंब बसमधे बसवते. पणजीचा बसस्टँड उतरलं की पाटोवर पाच-दहा मिनिटांत कृष्णदास शामा ग्रंथालय. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय, आणि तिथे मुलांचा विभाग स्वतंत्र आहे. मुलाला तिथे सोडून आपण लांब उभं राहायचं. त्याने काय उचललं ते बघून तोंड वाकडं करायचं नाही, हे आयांना सर्वांत कठीण जातं. नोव्हेंबरमधे इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी गळ्यात पास अडकवून याच पणजीत फिरणारे, इराणी सिनेमावर तासभर बोलणारे बाबाही आपल्या मुलाने भुताचं पुस्तक उचललं की कासावीस होतात.

आणि एक विनंती. सिनेमा संपल्यावर ‘‘यातून काय शिकलास?’’ हे विचारू नका. मूल लगेच सावध होतं आणि निबंधातलं वाक्य बोलून सुटका करून घेतं. ‘‘कोण खोटारडा वाटला?’’ असं विचारून बघा.

एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे द्यायला जोडी नाही. परवा एकीने विचारलं, ‘‘आमच्या गोंयचीच गोष्ट असलेलं लहान मुलांचं पुस्तक आणि त्याचा सिनेमा?’’ महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरचा ‘पलतडचो मुनिस’ हा कोकणी सिनेमा आहे, टोरांटोपर्यंत नावाजलेला, पण तो मोठ्यांचा. नऊ वर्षांच्या मुलासमोर काय ठेवणार? खांद्यावर कांबळं आणि हातात काठी घेऊन रात्री गावची शीव राखणारा देवचार घराघरात सांगितला जातो, आणि त्याच्यावर सुचवावा असा सिनेमा मला आठवत नाही. हे मी भाच्याला बोलून दाखवलं, आणि पस्तावले. त्याने आता तो मोबाइलवर काढायला घेतलाय. देवचार तो स्वतः, दिग्दर्शक भाची. ‘‘पण आजी सांगते त्यात असं नाही,’’ असं मी एका प्रसंगाला म्हणाले, तर भाची म्हणाली, ‘‘मावशे, सिनेमात बदलावं लागतं.’’ मला पहिल्याच दृश्यात भूमिका आहे. देवचार बघून किंचाळायचं आणि खाली पडायचं, पुढे संवाद नाही.