एतोशा ते व्हिक्टोरिया फॉल्स, ट्रकमधून: पाणवठ्यावर वेळेत पोहोचायचं कसं

आफ्रिकेच्या सहलीत जनावरं दिसणं हा नशिबाचा भाग आहे असं बरेच जण समजतात. थोडाफार असेलही. पण नामिबिया-बोत्स्वानासारख्या कोरड्या मुलखात, कोरड्या ऋतूत, बाकी सगळं वेळापत्रकावर ठरतं. सकाळचे पहिले दोन तास आणि अंधार पडण्याआधीचा दीड तास पदरात पडला की सहल वसूल. ओव्हरलँड ट्रकच्या (प्रवाशांसोबत तंबू आणि स्वयंपाकाचं सामानही नेणाऱ्या ट्रकच्या) ग्रुप सहलीत हे तास तंबू उशिरा गुंडाळला गेला, भांडी रेंगाळली, मुक्काम चुकीच्या ठिकाणी घेतला, अशा क्षुल्लक कारणांनी हातचे जातात. म्हणून इथे निसर्गाच्या वर्णनापेक्षा व्यवहारच जास्त सांगतो.

मार्ग नेहमीचा: नामिबियाची राजधानी विंडहुकहून एतोशा राष्ट्रीय उद्यान, मग ग्रूटफोंटेनवरून रुंडू, कावांगो नदीकाठाने दिवुंडू, मोहेंबोला सीमा ओलांडून बोत्स्वाना, माऊन आणि ओकावांगो डेल्टा, नाटावरून कसाने (चोबे नदी आणि तिच्या काठचं उद्यान) आणि शेवटी झिम्बाब्वेत व्हिक्टोरिया फॉल्स. सगळं मिळून सव्वादोन हजार किलोमीटरच्या घरात. जुलै ते ऑक्टोबर हा काळ घ्या. त्यातही आमचं मत सप्टेंबरच्या बाजूने. जून-जुलैत रात्री पारा पाच अंशांच्याही खाली जातो आणि कॅनव्हासच्या तंबूत दात वाजतात. ऑक्टोबरात दुपारी चाळिशी गाठते. ताडोबाला एप्रिल-मे का चांगला, त्याच कारणाने इथे सप्टेंबर चांगला: रानातली डबकी आटलेली असतात आणि उरलेल्या पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं.

बुकिंग करताना किमतीआधी एक प्रश्न विचारा: एतोशातले मुक्काम उद्यानाच्या आत आहेत की बाहेर? बाहेरचे कॅम्प स्वस्त पडतात, म्हणून कमी दराच्या सहली तिथे उतरतात. उद्यानाचं फाटक सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं. बाहेर राहिलात तर सकाळी फाटकावर नोंदणीची रांग, शिवाय अँडरसन गेटपासून आतल्या ओकाउकुएयो कॅम्पपर्यंत आणखी सतरा-अठरा किलोमीटर. सकाळचा सगळ्यात मोलाचा तास तिथेच संपतो. आणि रात्री दिवे लावलेल्या पाणवठ्यावर बसणं तर मिळतच नाही. एतोशात किमान दोन रात्री आत, जमल्यास एक ओकाउकुएयोला आणि एक हलाली किंवा नामुतोनी या आतल्याच कॅम्पला, एवढं पक्कं असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. दुसरा प्रश्न: 'लोकल पेमेंट', म्हणजे तिथे पोहोचल्यावर वेगळी द्यायची रक्कम, किती आणि त्यात काय येतं? चोबेची बोट, उघड्या जीपची फेरी, धबधब्याचं तिकीट हे बहुधा वेगळं असतं.

सामानाला मऊ पिशवी हवी. ट्रकच्या मागच्या बाजूला प्रत्येकाला एक लोखंडी कप्पा मिळतो. चाकांची कडक बॅग त्यात शिरत नाही आणि शिरली तरी दार बसत नाही. बारा ते पंधरा किलोंत बसवा. गादी ट्रकवर असते, स्लीपिंग बॅग आणि उशी आपली. चार्जिंग इंजिन चालू असताना किंवा कॅम्पवरच्या सॉकेटवर. इथे आपली एक सोय आहे: नामिबिया-बोत्स्वानातली जाड तीन पिनांची सॉकेटं म्हणजे आपल्याकडच्या गिझर-एसीची १६ अँपिअरची. गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा लहान पिनेचा मोठ्या पिनेत बदल करणारा प्लग घ्या. विमानतळावरचा महागडा 'युनिव्हर्सल' अडॅप्टर बऱ्याचदा इथे उपयोगी पडत नाही. झिम्बाब्वेसाठी मात्र चौकोनी पिनांचा ब्रिटिश अडॅप्टर लागतो.

यलो फीव्हरची लस हा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. हे तिन्ही देश तो आजार असलेल्या पट्ट्यात येत नाहीत, पण भारतातून जाणारी बरीच विमानं नैरोबी किंवा आदिस अबाबावरून जातात आणि ते देश त्या पट्ट्यात आहेत. तिथला थांबा लांबला की पुढच्या देशात प्रमाणपत्र मागतात, आणि परतताना भारतातही तपासणी असते. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. मलेरिया एतोशापासून पुढे सगळीकडे आहे. गोळ्यांचा कोर्स डॉक्टरांकडून घ्या आणि परत आल्यावर तो मध्येच सोडू नका. लोक नेमकं तेच करतात.

आता तंबू. दोन माणसांचा जाड कॅनव्हासचा, लोखंडी दांड्यांचा, वजनाला चांगलाच जड. जागा निवडताना आधी वर बघा. नदीकाठी सॉसेज ट्री असतो. त्याची फळं दुधीएवढी लांब आणि काही किलो वजनाची, खाली पडली तर तंबूही वाचत नाही आणि डोकंही. ॲना नावाच्या बाभळीखालीही नको, तिच्या शेंगा हत्तींना आवडतात. मग खाली बघा: काटे झाडून काढा, गवतात हातभर रुंद तुडवलेली वाट दिसली तर ती पाणघोड्याची असते, तिच्यावर तंबू टाकू नका. दार वाऱ्याच्या उलट दिशेला. आधी तळ पसरून चार कोपरे ठोकायचे, मग दांड्या जोडून उभ्या करायच्या, त्यावर कॅनव्हास आकड्यांनी टांगायचा. ओकाउकुएयोची जमीन चुनखडीच्या थराची आहे, खुंटी दोन बोटंही आत जात नाही. तिथे कोपऱ्यांत आतून सामान ठेवा आणि दोऱ्या दगडांना बांधा.

तंबूत सगळ्यात आधी खराब होते ती झिप. बारीक धूळ दातांत बसते, मग कोणीतरी हिसका देतं आणि स्लायडर सुटतो. रोज सकाळी कोरड्या टूथब्रशने झिप झाडली आणि मेणबत्ती घासली तर सहलभर टिकते. तंबू गुंडाळण्याआधी आतली धूळ दाराकडून झटकून टाका. जोडी सरावली की दहा मिनिटांत तंबू पिशवीत जातो. न सरावलेल्या जोडीमुळे वीस जण ट्रकमध्ये बसून वाट बघतात आणि तिकडे सिंह सावली धरतात.

भांड्यांची पाळी लावलेली असते. तीन टब: पहिल्यात गरम पाणी आणि साबण, दुसऱ्यात साधं विसळायला, तिसऱ्यात जंतुनाशकाचे थेंब. त्यानंतर पुसायला फडकं नाही! ताटल्या दोन्ही हातांत धरून हवेत झटकायच्या, याला सगळे 'फ्लॅपिंग' म्हणतात. पहिल्या दिवशी हसू येतं. पण कारण पक्कं आहे: ओलं फडकं सगळ्या ताटल्यांवर फिरलं की एकाचं बिघडलेलं पोट दोन दिवसांत अख्ख्या ट्रकचं होतं. हात धुवायची तोटीवाली कॅन जेवणाआधी टाळू नका, ही एवढीच विनंती.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी स्वयंपाक्याला पुन्हा सांगा, अंडं चालतं की नाही हेही. त्याच्याकडे लाल भोपळ्यासारखा बटरनट, राजमा, मक्याचा घट्ट 'पॅप' आणि चकालाका नावाची झणझणीत कालवणासारखी भाजी असते. पॅपबरोबर चकालाका उत्तम लागते. सोबत मेतकूट, चटणी, भाजलेले दाणे न्या. तूप, खवा, लोणी असलं दुधाचं काही नको. सीमेवर काढून घेतात.

एतोशा. १९०७ साली राखीव झालेलं हे उद्यान बावीस हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि त्यातला जवळपास पाचवा हिस्सा म्हणजे 'पॅन', पांढरं कोरडं मिठागर. रस्ते त्याच्या दक्षिण काठाने जातात आणि पाणवठे त्या रस्त्यांवर आहेत. हिंडण्यापेक्षा बसा. चालक दर दहा मिनिटांनी पुढे निघत असेल तर ग्रुपने मिळून त्याला सांगायला हवं. सकाळी आठ ते अकरा झेब्रे आणि स्प्रिंगबॉक, ओरिक्स ही हरणांसारखी जनावरं ओळीने येतात. हत्तींचे कळप बहुधा दुपारी. नेब्राउनी पाणवठ्यावरचे हत्ती पांढरे दिसतात, कारण तिथली चुन्यासारखी माती अंगावर वाळलेली असते. जिराफाकडे नीट बघा: पाण्याशी येऊन तो बराच वेळ नुसता उभा राहतो, पुढचे पाय थोडे फाकवतो, परत उचलतो. मान खाली गेली की तो असहाय असतो आणि हे त्याला माहीत असतं. जिराफ, झेब्रे सगळे एकाच दिशेला टक लावून थांबले असतील तर दुर्बीण तिकडे वळवा, सिंह तिथेच आहे. म्हैस आणि पाणघोडा एतोशात नाहीत. ते पुढे कावांगोपासून.

ट्रक उंच असल्याने गवतापलीकडचं दिसतं, पण इंजिन चालू असेल तर लांब लेन्सचा फोटो हलतो. इंजिन बंद करायला सांगा आणि खिडकीत ठेवायला रिकामी कापडी पिशवी न्या. विंडहुकला दीड-दोन किलो तांदूळ घेऊन भरायची. ट्रायपॉडपेक्षा कितीतरी सोयीची.

ओकाउकुएयोचा रात्रीचा पाणवठा ही या सहलीतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, असं आम्ही बिनदिक्कत म्हणू. बुटकी दगडी भिंत, मागे बाकं, समोर दिव्यांच्या पिवळट उजेडात पाणी. जेवण लवकर उरकून आठच्या सुमारास बसा आणि निदान अकरापर्यंत हलू नका. काळा गेंडा उजेडाच्या कडेला येऊन थबकतो, फुसकारतो, दोन-चार पावलं मागे जातो आणि मग पाण्याशी येतो. सोबत पिल्लू असेल तर आई आणखी वेळ घेते. टॉर्च, फ्लॅश आणि गप्पा बंद. तंबूबाहेर चपला-बूट ठेवू नका, कोल्हे पळवतात. हलालीला हनी बॅजर (अस्वलासारखा दिसणारा छोटा प्राणी) कचऱ्याचे डबे उलथतात आणि बिस्किटांच्या वासाने तंबूपर्यंत येतात.

ग्रूटफोंटेन-रुंडू रस्त्यावर मुरुरानीला पशुवैद्यकीय कुंपणाचं फाटक लागतं. उत्तरेकडून दक्षिणेला कच्चं मांस नेऊ देत नाहीत, लाळ्या-खुरकुताच्या भीतीने. आपण उत्तरेला जात असल्याने सुटतो, पण मोहेंबोला बोत्स्वानात शिरताना सगळ्यांना उतरून औषधी पाण्यात पाय बुडवावे लागतात आणि बॅगेतले बूटही बाहेर काढायला सांगतात. बूट वर ठेवा म्हणजे अर्धा तास वाचेल. त्यापुढे शाकावे ते सेहितवा रस्ता खड्ड्यांसाठी प्रसिद्ध आहे, वेळेचा हिशेब सैल ठेवा.

ओकावांगो २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, यादीतलं हजारावं स्थळ म्हणून. पाणी अंगोलाच्या डोंगरांतून येतं आणि महिनोन्महिने वाहत माऊनजवळ भर कोरड्या ऋतूत पोहोचतं. ट्रक माऊनला ठेवून जीपने किंवा बोटीने मोकोरोच्या धक्क्यावर जायचं. मोकोरो म्हणजे अरुंद होडी, पूर्वी एका खोडातून कोरलेली, आता झाडं वाचवायला बहुतेक फायबरग्लासची. दोघं एकामागे एक पाय पसरून बसतात, मागे उभा माणूस लांब काठीने होडी ढकलतो. काठ पाण्यापासून वीतभर, त्यामुळे फोटोसाठी एका बाजूला झुकायचं नाही. लव्हाळ्यातून कोळी आणि इवले बेडूक अंगावर पडतात, टोपी घाला. होडी मुद्दाम उथळ पाण्यातून जाते, खोल पाणी पाणघोड्यांचं.

बेटावरच्या मुक्कामाला कुंपण नसतं. शौचाला खड्डा, वाटेच्या तोंडाशी फावडं रोवलेलं असतं, ते जागेवर नसेल तर आत कोणीतरी आहे असं समजायचं. अंधार पडल्यावर एकट्याने जायचं नाही. झोपेत जाग आली तर झिप थोडी उघडून टॉर्च गोल फिरवा. चमकणारे डोळे दिसले की झिप बंद. तंबूत फळ अजिबात नको, संत्रं तर मुळीच नाही, हत्तीला वास लागतो.

नाटा ते कसाने तीनशे किलोमीटर दिवसाच करावेत, हत्ती थेट डांबरावर येतात. बोत्स्वानात सव्वा लाखाहून जास्त हत्ती आहेत आणि त्यांची गर्दी चोबेच्या काठावर दिसते. दुपारची तीनची बोट घ्या: आतली डबकी आटल्याने कळप त्याच वेळी मोपाने झाडांच्या रानातून नदीवर उतरतात. जाताना डाव्या बाजूला बसा, उद्यानाचा काठ तिकडे आणि ऊन आपल्या पाठीशी. एक लक्षात ठेवा, कसानेला सूर्य एतोशापेक्षा अर्ध्या तासाहून लवकर मावळतो. घड्याळ तेच, पण आपण नऊ रेखांश पूर्वेला आलेलो असतो.

काझुंगुलाला दोन वेगळ्या सीमा आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेला मोठा पूल झांबियात जातो. व्हिक्टोरिया फॉल्स गावाला जायचं तर झिम्बाब्वेचा रस्ता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर धबधब्यावरून चोबेला दिवसाची फेरी मारू नका, परत आत येता येणार नाही. अमेरिकन डॉलरच्या न फाटलेल्या लहान नोटा सोबत असू द्या, शंभराचे सुटे कोणी देत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात झांबियाच्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा पडतो, तेव्हा तिकीट झिम्बाब्वेच्या बाजूचंच काढा. एप्रिल-मेमध्ये गेलात तर उलटी अडचण: तुषार इतके उडतात की समोर उभं राहूनही पाणी दिसत नाही, आणि कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी लागतेच.